आप्पांच्या विमानाची बैठक

लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, उभा जन्म गादीवर बसून काढलेल्या गुरुबसप्पांनी, म्हणजे आप्पांनी, अडतीचं दुकान पोराच्या हवाली केलं आणि विमान बांधायला घेतलं, तेव्हा घरात कुणी फारसं घाबरलं नाही. त्याआधी त्यांच्या मधमाश्या पाळून झाल्या होत्या. त्या वर्षी अख्ख्या गल्लीनं खिडक्यांना जाळ्या बसवल्या होत्या. विमान निदान चावत तरी नाही, असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे अव्वांचं, म्हणणं पडलं.

विमान हल्लीचं नव्हे. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये कुणीतरी उडवलं होतं तसलं. लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा, कापडाचे पंख आणि खाली सायकलीची वाटावीत अशी चाकं. नकाशे आप्पांनी इंटरनेटवरून मिळवले होते. उडवायचं नव्हतंच. उडवायला सरकारची परवानगी लागते आणि अव्वांचीही; दोन्हींतली एकही मिळण्यासारखी नव्हती. औसा रोडला त्यांचं शेत होतं. सोयाबीन निघालं की मोकळ्या रानात इंजिन चालू करायचं आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत पळवायचं, एवढाच बेत. सांगाडा झाला, पंख झाले, जुन्या मोटारीचं इंजिन बसलं. राहिलं होतं ते माणसाच्या बसण्याचं.

"त्याला काय लागतंय?" सोमेश म्हणाला. हा आप्पांचा पोरगा, हल्ली अडत सांभाळणारा. "गोदामात ट्रॅक्टरचं जुनं सीट पडलंय. चार बोल्ट मारले, विषय संपला."

"नको," स्वयंपाकघरातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आवाज पुनमचा होता, सोमेशच्या बायकोचा. तिच्या एका हातात मऊ भाताची वाटी आणि दुसऱ्या हातात लेकीची, साक्षीची, हनुवटी होती. साक्षीला नुकते दात यायला लागले होते, त्यामुळे ती भात सोडून सगळं चावत होती.

"ट्रॅक्टरचं सीट नको," पुनम पुन्हा म्हणाली. "नकाशात बघा, आप्पा. पातळ प्लाय वाकवून केलेली खुर्ची हाय. कमरेला मागून मिठी मारल्यासारखी. एवढं नाजूक विमान, आन् मधी ट्रॅक्टरचं सीट? नवरीच्या पायात गमबूट घातल्यावानी दिसंल."

"मग वाकवणार कोण?"

"मी."

हे ती बोलून गेली आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं. पुनम नांदेडची. वडिलांचं, रामलिंगबाबांचं, प्लायवूडचं दुकान आणि मागे फर्निचरचा कारखाना. भुशात खेळत ती मोठी झाली. लग्न होऊन लातूरला आल्यावरही लोकांच्या घरची कपाटं, ओटे तिनं करून दिले होते. मग साक्षी झाली आणि हत्यारं पोत्यात घालून माळ्यावर गेली. आता कुणी पाहुणा आला की विचारायचा, "काय मग पुनम, सध्या काय करून राहिलीस?" ती तोंड उघडायच्या आत घरातलं कुणीतरी सांगायचं, "लेकरू लहान हाय." भांड्यावर झाकण ठेवावं तसं ते वाक्य तिच्यावर ठेवलं जायचं आणि पाहुणे चहाकडे वळायचे. साक्षी तिला जिवापेक्षा प्यारी होती. पण झाकणाखाली वाफ धरतेच.

"कर की," आप्पा म्हणाले.

"सोयाबीन निघेस्तोवर," सोमेशनं मुदत घातली. "तवर झालं तर तुझं, न्हाई तर ट्रॅक्टरचं."

साक्षीची झोप म्हणजे मोंढ्यातला भाव. कधी चढेल आणि कधी कोसळेल, सांगता येत नाही. ती झोपली की पुनम माळ्यावर चढायची, आणि हत्यारांवरचा गंज निम्मा उतरतो न उतरतो तोच खालून हाक यायची. पण त्या तुटक्या तासांतच तिला एक युक्ती सुचली. खुर्ची आप्पांच्या अंगाला बसायची, तर माप आप्पांच्या अंगाचंच घ्यायचं. टेपनं नाही, ज्वारीनं.

अव्वांकडून तिनं कीड लागलेली ज्वारी मागून घेतली, एका मोठ्या पेटीत ओतली, वर प्लास्टिकचा कागद अंथरला.

"आप्पा, यात बसा. जसं तुम्ही रोज आरामात बसता, अगदी तसं."

आप्पांनी धोतर सावरलं आणि ज्वारीत बसले. मांडी घातली, डाव्या कोपराखाली लोड असल्यासारखे किंचित डावीकडे कलले, आणि समोर गिऱ्हाईक उभं असल्यासारखं गंभीर तोंड केलं. ज्वारी त्यांच्याभोवती सरकली, दबली, ठप्प झाली. सोमेशनं फोटो काढला. अव्वा म्हणाल्या, "देवावानी दिसून राहिलेत." दोघांनी हात देऊन आप्पांना अलगद उचललं आणि त्या खळग्यात पुनमनं पीओपी ओतलं. ते सुकल्यावर आप्पांच्या बैठकीचा पांढराशुभ्र साचा तयार झाला. सगळ्यांनी तो चारी बाजूंनी पाहिला. कुणाला काहीही वावगं दिसलं नाही.

साचा गोधडीत गुंडाळून, साक्षीला कडेवर घेऊन पुनम नांदेडच्या एसटीत बसली. कंडक्टरनं विचारलं, "ताई, हे काय?"

"सासऱ्यांचं माप."

कंडक्टरनं तिकीट फाडलं. अहमदपूरला एक बाई शेजारी येऊन बसली. गोधडीतून बाहेर आलेला पांढरा भाग पाहून तिनं आधी त्याला हात लावला, मग कपाळाला. "कुठल्या देवाचं हाय, माय?"

"घरचंच," पुनम म्हणाली. बाईनं साक्षीच्या हातात केळं दिलं. साक्षीनं ते प्रसादासारखं साच्याला फासलं.

नांदेडला रामलिंगबाबांनी नातीला ताब्यात घेतलं आणि लेकीला कारखाना मोकळा करून दिला. प्लाय वाकवायचा तर आधी तो गरम पाण्यात भिजवून मऊ करावा लागतो, आणि एवढे मोठे तुकडे बुडतील असं भांडं दुकानात नव्हतं. ते होतं शेजारच्या सलीमचाचांकडे. लग्नाच्या जेवणावळींना भांडी भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा. पुनमला त्यांनी फ्रॉकमध्ये पाहिलेलं.

"डेग पाहिजे ना बेटा? हौ, ले जा की," ते म्हणाले. मग थांबून त्यांनी दोन डेगा मागं सारल्या आणि तिसरी काढली. "ये ले जा. इसमें सिर्फ जर्दा पकता. त्या दोघींत बिर्याणी होती. तुझे सासरेबुवा लिंगायत माणूस, उद्या विमानात बसून म्हणतील, हा वास कशाचा? वर गेल्यावर उतरायला जागा पण नसती."

"चाचा, उडणार न्हाई ते."

"उडत न्हाई? मग कुर्सी कशाला? उभ्यानं चालव म्हणावं!"

जर्दा म्हणजे लग्नातला गोड केशरी भात. डेग सलीमचाचांनी घासून घेतली होती, पण इतक्या लग्नांचं लवंग-वेलदोड्याचं पाणी डेगेच्या तांब्यात मुरलं होतं. प्लाय उकळायला लागल्यावर कारखान्यात वलीम्याचा, लग्नाच्या जेवणावळीचा, वास सुटला. दोन गिऱ्हाइकं आत डोकावून पंगत कधी बसणार ते विचारून गेली.

पहिला तुकडा मऊ झाला तसा पुनमनं तो साच्यावर ठेवला आणि मागून पुढून दाबला. फटाका फुटावा तसा आवाज झाला. प्लाय मधोमध चिरला.

"हळू," बाबा म्हणाले. साक्षी त्यांच्या खांद्यावर मिशी ओढत होती. "प्लाय आन् जावई एकाच बाजूला वाकतो, बाई. दुसऱ्या बाजूलाही वाकवाया गेलं की चिरतो."

"तुमचा जावई एका बाजूलाही वाकत न्हाई, बाबा. सारखं ट्रॅक्टरचं सीट, ट्रॅक्टरचं सीट."

"मग त्याला अजून भिजव," सलीमचाचा म्हणाले.

मग पुनमनं साच्याची गोलाई सोडून दिली. बूड सपाट फळीचं केलं आणि साच्यावरून फक्त बाहेरची रेघ घेतली. कंबर कुठे, गुडघे कुठे, पाठ किती कललेली. त्या रेघेवरून लाकडी ठोकळे मारले आणि पाठीचा प्लाय त्यांच्याभोवती वळवला. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून त्यांच्या पट्ट्यांनी तो करकचून बांधला. सुकला की सोडला, दुसरा पातळ तुकडा वाकवला, मध्ये गोंद भरला, पुन्हा बांधला. साक्षी जागी असली की ट्यूबेचं एक टोक तिच्या हातात द्यायचं. ती ते तोंडात धरायची आणि आपणही काम करतोय अशा डोळ्यांनी आईकडे पाहायची. पुनमच्या बोटांना गोंद लागला, नखाखाली भुसा गेला, आणि कधीकाळचं एक गाणं ती न कळत गुणगुणायला लागली. बाबांनी ऐकलं. साक्षीला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत फिरून आले.

खुर्ची झाली तेव्हा सलीमचाचांनी तिला टिचकी मारली आणि म्हणाले, "माशाल्ला. तबल्यावानी बोलती." परत येताना एसटीत साक्षी त्या खुर्चीतच बसून आली आणि चाकूरपर्यंत तिनं एका काठावर दातांची नक्षी काढली.

लातूरला अंगणात खुर्ची ठेवली. आप्पा तिच्यात बसले. मांडी घातली, डावीकडे कलले, डोळे मिटले.

"आहाहा," ते म्हणाले. "उभ्या जन्मात असं बसलो न्हाई. अगं, चहा आण इथंच."

चहा झाला, पेपर झाला, दोन शेतकरी भाव विचारायला आले तेही तिथंच झालं. दुपारी खुर्चीला मुंग्या लागल्या. त्या कुठून येतात ते कुणाला कळेना. पुनमला कळलं, पण ती जर्द्याबद्दल काही बोलली नाही. आप्पा उठायला तयार नव्हते. मुंग्यांसकट बसून राहिले. पुनम दारातून त्यांना पाहत होती आणि तिला वाटलं, जिंकलं.

संध्याकाळी खुर्ची विमानात बसवायला नेली. ती आत जाईना. आडवी धरली, तिरकी धरली, सोमेशनं खांदा लावला. विमानाचे दोन्ही बाजूंचे लाकडी दांडे आपल्या जागी आणि खुर्ची त्यांच्या वर, रिक्षात म्हैस घालावी तशी.

"अगं, वीतभर जादा हाय ही!" सोमेश म्हणाला. "फ्रान्सची माणसं बारीक असतील, पर इतकी बारीक?"

अव्वांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली. "मला काय वाटतंय सांगू का? ही मांडी घातलेल्या माणसाची झाली."

मग सगळ्यांनी मिळून आप्पांकडे पाहिलं.

"मग कसं बसायचं असतंय?" आप्पा म्हणाले.

"पाय पुढं सोडून, आप्पा!" पुनमचा आवाज रडवेला झाला. "पायानं सुकाणू फिरवायचं असतंय ना! डावा दाबला की डावीकडं..."

"हे मला कुणी सांगितलं न्हाई."

"नकाशे तुम्हीच आणलेत!" सोमेश म्हणाला.

"आणले. पर नकाशात माणूस कुठं काढलाय?"

खरंच, काढला नव्हता. पण पुनमला स्वतःचाच राग येत होता. या घरात माणूस मांडी घालून बसतो, तिच्या माहेरीही मांडी घालूनच बसतो, आणि तिनं म्हटलं होतं रोज बसता तसं बसा. आप्पा बसले. साच्याकडे पाहताना तिला गुडघे दिसले होते. गुडघे तिथं का आहेत, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

सोयाबीन दुसऱ्याच दिवशी निघालं. सोमेशनं ट्रॅक्टरचं सीट आणलं आणि चार बोल्ट मारले. त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "जाऊ दे गं, तुझं लेकरू लहान हाय." पुनमनं साक्षीची लंगोटं धुवायला घेतली आणि इतकी घासली की एक फाटलं.

आप्पांची पहिली धाव बघायला सगळे रानात जमले. इंजिन खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं. आप्पा ट्रॅक्टरच्या सीटवर पाय सोडून बसलेले. तोंडावर, दातांच्या डॉक्टरकडं आल्यासारखा भाव. विमान निघालं. सरळ निघालं. अव्वांनी हात जोडले. आणि रानाच्या मध्यावर आप्पांचा डावा पाय, उभ्या जन्माच्या सवयीनं, आपोआप वर आला आणि मांडीत गेला. राहिला उजवा. तो एकटाच सुकाणू दाबत राहिला. विमान उजवीकडे वळलं, वळतच राहिलं, स्वतःभोवती एक मोठा फेरा मारून बांध ओलांडून शेजारच्या बजरंगच्या तुरीत घुसलं आणि थांबलं.

बजरंग धावत आला. "आप्पा! उडायचं तर वरून उडा की! माझ्या तुरीतून कशाला?"

आप्पा खाली उतरले. पंख शाबूत होते. त्यांनी धोतराला लागलेली तुरीची फुलं झटकली. "सोमेश, सीट काढ."

"सीटचा काय दोष, आप्पा?"

"सीटचा न्हाई, माझाच हाय. माझे पाय या वयात फ्रान्सचे व्हायचे न्हाईत. तू बस बघू."

सोमेश बसायला गेला. सोमेश अडतीवर बसतो. अडतीवर चहाबरोबर भजी येतात. दोन दांड्यांच्या मध्ये तो अर्धा गेला आणि बुचासारखा बसला. त्याला काढायला बजरंगनं आणि आप्पांनी एकेक काख धरली.

आप्पांनी पुनमकडे पाहिलं. नजर आधी दांड्यांवर गेली, मग तिच्यावर. मोंढ्यात पोत्याचं वजन नजरेनं सांगणारा माणूस तो.

"तुझ्या मापाची कर," ते म्हणाले. "पळवायचं तूच."

"मी?"

"आप्पा, लेकरू लहान हाय," सोमेश दम खात म्हणाला.

"लेकराला कोण बसवून राहिलंय? तिला बसवून राहिलोय."

"आन् तुमचं काय, आप्पा?" पुनमनं विचारलं. "एवढं तुम्ही बांधलंत."

"मी बघणार. तिथं बसल्यावर मला इंजिनाशिवाय काही दिसलंच न्हाई. पळतंय कसं ते बघितलंच न्हाई मी अजून."

या खेपेला पुनमनं ज्वारीही घेतली नाही आणि साचाही केला नाही. ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली आणि स्वतःला टेप लावली. बाळंतपणापासून कंबर किती झाली ते तिनं पाहिलं नव्हतं. पाहिलं. जेवढी होती तेवढी लिहून घेतली, वर वीतभर मोकळी जागा सोडली. मग घरभर त्या गोलाईची वस्तू शोधत फिरली. पातेली लहान पडली, पाण्याचा ड्रम मोठा झाला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ज्वारीची पत्र्याची कोठी उभी होती. तिनं कोठीला मिठी मारून माप घेतलं. तंतोतंत.

"हिच्याभोवती प्लाय बांधते, अव्वा."

"बांध. पर झाकण?"

"झाकण दोऱ्यांखाली जाईल. सुकेस्तोवर उघडायचं न्हाई."

"म्हंजे भाकरी न्हाई?"

"भात खाऊ की."

लातूर जिल्ह्यात ज्वारी असताना भात खाणं म्हणजे घरात कुणी आजारी असल्याचं लक्षण. अव्वांनी कपाळाला हात लावला, पण सुताच्या दोऱ्या आपणहून आणून दिल्या. प्लाय त्यांनी आंघोळीच्या बंबातल्या पाण्यात भिजवला, दोघींनी मिळून कोठीला आवळला. रोज रात्री जेवताना सोमेश कोठीकडे बघत भात कालवायचा. "विमानापायी भात खावा लागला, हे मोंढ्यात सांगू नको रं," अव्वा त्याला म्हणायच्या. साक्षी तेवढी खूश होती. तिला घरात सगळे आपल्यासारखंच खाताना दिसत होते.

दोऱ्या सोडल्या तेव्हा प्लायनं कोठी सोडली, गोलाई सोडली नाही. दोन दांड्यांच्या मध्ये खुर्ची उतरली ती एकाही ठिकाणी न घासता. सोमेशनं वाकून सगळीकडून पाहिलं. त्यानं स्वतःच बोल्ट आणले आणि ते आवळताना म्हणाला, "ट्रॅक्टरचं सीट भंगारात देऊन टाकतो." पुनमला ते कौतुक वाटलं. त्याच्याकडून एवढंच वाकणं व्हायचं.

सकाळची वेळ. ऊन अजून कोवळं होतं. बजरंग आपल्या तुरीपुढे काठी घेऊन आडवा उभा राहिला. अव्वा साक्षीला घेऊन लांब बांधावर बसल्या. पुनमनं पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट गुंडाळली आणि आत बसली. पाय पुढे सोडले. दोन्ही पावलं सुकाणूवर नीट पोचली. पाठीमागून प्लायनं तिला धरलं. कशालाही टेकायला तिला पुढं वाकावं लागलं नाही, कुठं कोपर मारावं लागलं नाही.

इंजिन सुरू झालं. रान मागं पळायला लागलं. सोयाबीनचे खुंट चाकांखाली तडतडले, पंखांच्या तारा वाऱ्यानं गुणगुणल्या. ती सरळ जात होती. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा पलीकडचा बांध जवळ आला होता. तिनं वेग कमी केला, डावा पाय दाबला, आणि विमान शहाण्या बैलासारखं वळलं.

वळताना तिला काहीतरी वेगळं वाटलं आणि काय ते लगेच उमजेना. मग उमजलं. तिच्या मांडीवर कुणी नव्हतं. साक्षी झाल्यापासून ती बसली म्हणजे कुणालातरी घेऊन बसली होती. पाजायला, झोपवायला, भरवायला. उभी असली की कडेवर, बसली की मांडीवर. आज ती नुसतीच बसली होती. मांडीवर फक्त ऊन पडलं होतं. तिला साक्षीची आठवण इतकी दाटून आली की हसू आलं. लेकरू रानाच्या त्या टोकाला तर होतं.

ती परत अलीकडच्या बांधाशी आली. तिथं थांबायचं ठरलं होतं. सोमेश दोन्ही हात वर करून, थांब थांब म्हणून नाचत होता. त्याच्या शेजारी आप्पा मातीतच मांडी घालून बसले होते. तोंड उघडं पडलेलं, डोळे विमानावरून हलत नव्हते. बसल्या बसल्या त्यांनी एक हात लांब करून सोमेशचा सदरा धरला आणि त्याला खाली ओढलं. अव्वांनी साक्षीचं मनगट धरून तिला टाटा करायला लावला. पोरगी अजून रडत नव्हती. पाजायची वेळ व्हायला आली होती, हे पुनमच्या अंगाला कळत होतं. पण एक फेरी अजून सहज होती.

तिनं पाठ टेकली आणि डावा पाय दाबला.